पेजेकाठचं बेट

आमच्या पिढीला कर्जत ठाऊक होतं ते प्लॅटफॉर्मपुरतं. बोरघाटात रुळांचा चढ सदतीस फुटांना एक फूट. त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागत आणि ती लागेपर्यंत गाडी कर्जतला उभी राही. तेवढ्या वेळात खिडकीतून दिवाडकरांचे वडे घ्यायचे, हात पोळत खायचे, आणि मागून इंजिनाचा धक्का बसला की पाण्याची बाटली सावरून बसायचं. गावात उतरून काही बघावं असं कोणाच्या मनात येत नसे. आता शुक्रवारी संध्याकाळी चौक फाट्यावरून कर्जतकडे वळणाऱ्या मोटारींची रांग लागते आणि त्यातल्या कोणालाच पुण्याला जायचं नसतं. भाताच्या खाचरांच्या कडेने प्लॉटच्या पाट्या, पाट्यांच्या मागे कुंपणं, कुंपणांच्या मागे निळे तरणतलाव. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मुंबईचं परसदार झालेत.

लेकीने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला इथल्याच एका रिसॉर्टचं आरक्षण करून पाठवलं. "आई, बेटावर राहायचंय हं," एवढंच फोनवर म्हणाली. रायगड जिल्ह्यात बेट म्हटलं की मला जंजिरा आठवतो, खांदेरी-उंदेरी आठवतात. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी बेट कुठलं? त्यात मे महिना. मेमध्ये कोकणातल्या ओढ्यांना पाणी नसतं, तर बेटाला कुठून असणार?

पण बेट होतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण मला जाहिरात करायची नाही आणि उणंदुणंही काढायचं नाही. पेज नदीपासून हाकेच्या अंतरावर, कधीकाळच्या भातशेतीत मोठं तळं खोदलेलं. खोदताना निघालेली माती मध्यभागी टाकून उंचवटा केलेला, त्यावर कौलारू बंगले, आणि तिथवर जायला दोरावर ओढायचा तराफा. एका रात्रीचं भाडं पाच आकडी. ते ऐकून माझ्या नवऱ्याने बराच वेळ डोंगराकडे बघितलं. त्याचं सगळं आयुष्य वीज खात्यातल्या नोकरीत गेलं. कुठल्याही गोष्टीची किंमत तो युनिटमध्ये मोजतो.

दारात कोकमाचं सरबत मिळालं, गार रुमाल मिळाला. बॅटरीच्या गाडीने तळ्यापर्यंत नेलं. तराफा ओढणारा मुलगा विशीतला, काटक, अंगावर रिसॉर्टचा पांढरा कुर्ता. काठावर मॅनेजर उभे होते तोवर मी "मॅडम" होते. तराफा तळ्याच्या मध्यावर आल्यावर तो म्हणाला, "काकू, कडेला नका बसू, पाय भिजल." जवळच्याच एका वाडीतला ठाकर मुलगा. दिवसभर दोर ओढून त्याच्या तळहातांना घट्टे पडले होते, आणि दोराचा नेमका तेवढाच भाग काळा झाला होता जेवढा त्याच्या हातात येई. येणारा प्रत्येक पाहुणा तो दोर स्वतः ओढून बघायचा हट्ट धरतो, चार हात ओढतो, फोटो काढतो आणि परत देतो. आम्हीही तेच केलं.

बंगला सुंदर होता, हे कबूल करायला हवं. अशा जागांबद्दल लिहिताना नाक मुरडायची मराठी लेखकांची रीत आहे, ती मला पटत नाही. गादी उत्तम होती. न्हाणीघराला छप्पर नव्हतं, वर बांबूची जाळी आणि त्यातून दिसणारं आभाळ. पितळी घंगाळात मोगरा तरंगत होता. पडवीत झोपाळा. आणि शांतता अशी की आमच्या डोंबिवलीच्या कानांना ती आधी खटकली. संध्याकाळी खंड्या तळ्यावर सूर मारत होता आणि पलीकडे ढाकच्या डोंगराची कातळभिंत तांबूस होत होती. एका भिंतीवर वारली चित्र काढलेलं होतं, तारपा वाजवणारा मध्ये आणि भोवती फेर. वारली लोक डहाणू-जव्हारकडचे. इथले आदिवासी ठाकर आणि कातकरी. ठाकर बायका लग्नात भिंतीवर स्वतःचे चौक लिहितात, ते निराळे. पण सजावट करणाऱ्याला एवढं कोण सांगणार?

जेवणाची गंमत वेगळीच. बुफेमध्ये पास्ता होता, सुशी होती, दाल मखनी होती, आणि भात होता बासमतीचा. कर्जतला भात संशोधनाचं जुनं केंद्र आहे. कर्जत-3, कर्जत-7 या वाणांची नावं राज्यभरातल्या भातशेतकऱ्यांच्या तोंडी असतात. ज्या गावाचं नाव बियाण्याच्या पिशवीवर छापलं जातं, त्या गावात पाच आकडी भाडं भरून बासमती खायचा, हे मला जरा जड गेलं. मी वाढपी बाईंना हळूच विचारलं, "तुमच्यासाठी आत काय केलंय?" त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या टेबलावर तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि करवंदाची चटणी आली. बिलात ती कुठेच नव्हती. थंडीत आलात तर पोपटी लावून दाखवू, असंही त्या म्हणाल्या. वालाच्या शेंगा मडक्यात भरून, वर भांबुर्ड्याचा पाला कोंबून, मडकं उलटं टाकून भाजायचा हा रायगडाचा प्रकार आता रिसॉर्टवाल्यांच्याही यादीत चढलाय.

पण नवऱ्याचं लक्ष जेवणात नव्हतं. तळं काठोकाठ भरलेलं होतं आणि ते त्याला झेपत नव्हतं. "बाष्पीभवन बघ या उन्हात," तो म्हणाला. "रोज किती भरत असतील?" शेवटी त्याने तराफेवाल्यालाच गाठलं.

"पंपानं येतं पेजेतून," मुलगा म्हणाला. "पेज आटत नाय ना साहेब. टाटाचं पाणी हाय."

हे ऐकताच नवऱ्याचा चेहरा खुलला. आरक्षणात ठरवून दिलेली योगासनं आणि चिखलस्नान सोडून दुसऱ्या दिवशी आम्ही टाटांचं वीजघर बघायला भिवपुरी कॅम्पकडे निघालो. भिवपुरी रोड नावाचं लोकलचं स्टेशन आहे, त्याच्याशी याची गल्लत करू नका. कॅम्प बराच आत, ढाकच्या डोंगराच्या अंगाला आहे. वीजघरात परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण रस्त्यावरूनही जे बघायचं ते दिसतं. घाटमाथ्यावरून थेट खाली उतरलेले लोखंडी नळ.

हे नळ काय करतात ते नवऱ्याने मला रस्त्याच्या कडेला, आंब्याच्या सावलीत उभं करून सांगितलं. वर मावळात आंध्रा नदी आहे. ती आपल्या मर्जीने पूर्वेला वाहते, इंद्रायणीला मिळते, मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. टाटांनी 1916 साली आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी काढली, ठोकळवाडीला धरण बांधून ही नदी अडवली, डोंगर पोखरून तिचं पाणी पश्चिमेच्या कड्यावर आणलं आणि तिथून सुमारे पाचशे मीटर खाली सोडून दिलं. 1922 साली भिवपुरीची वीज मुंबईला पोहोचली. त्याच्या आधी, 1915 साली, खोपोलीचं वीजघर सुरू झालं होतं. ते लोणावळा, वळवण आणि शिरोटा या तलावांच्या पाण्यावर चालतं. त्यानंतर मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरलं, 1927 साली, आणि त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी दिलेला लढा महाराष्ट्राला माहीत आहे. घाटावर पाऊस भरपूर आणि कोकणाकडे कडा सरळ तुटलेला, एवढ्या दोन गोष्टींवर गिरण्यांची मुंबई विजेवर आली. कोळसा जाळून चालणाऱ्या गिरण्या पाण्यावर चालू लागल्या.

चक्रं फिरवून झाली की पाण्याचं काम संपतं. मग ते पेजेत सोडतात. पेज पुढे उल्हास नदीला मिळते. म्हणून या दोन नद्या मेमध्येही वाहतात. उल्हास पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी जाते आणि त्या सगळ्या शहरांची तहान भागवते. आमच्या डोंबिवलीच्या नळालाही उल्हासचंच पाणी येतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हिशेब जुळवला. जे पाणी इंद्रायणीतून आळंदीला आणि भीमेतून पंढरपूरला जायचं, त्यातलं काही पाणी माझ्या स्वयंपाकघरातल्या पिंपात येतं, आणि वाटेत काही या रिसॉर्टच्या तळ्यात थांबतं. वारीला न जाणाऱ्या बाईला यापेक्षा सोपं पुण्य कुठे मिळणार?

या पाण्याचा एक फाटा शेतीलाही जातो. त्याला राजनाला म्हणतात. कर्जत तालुक्यातल्या बऱ्याच गावांत या कालव्यावर उन्हाळी भात घेतात. कोकणात पावसाळ्यानंतर खाचरं साधारण उजाड असतात, कडधान्य टाकलं तर टाकलं. इथे मात्र मेच्या उन्हात पिवळी शेतं उभी होती आणि कापणी चालली होती. एका बांधावर आम्ही थांबलो. एक आजी लाकडी फळीवर पेंढ्या झोडत होत्या. प्रत्येक फटक्याला दाणे उडून पाठीमागे लावलेल्या साडीच्या आडोशावर आदळत आणि खाली रास वाढत जाई. डोक्याला टॉवेल, नाकावर पदर, भुवयांवर तूस.

"पिकलं का आजी?" मी विचारलं.

"नाल्याला पाणी आलं टायमाला, मंग पिकलं," त्या म्हणाल्या. "पाणी नाय आलं का पेंढा गुरांना."

"आणि पावसाळ्यातला भात?"

"तो देवाचा. ह्यो टाटाचा."

इतकी नेमकी फोड मला कुठल्या जलसंपदा अहवालात मिळाली नसती. त्यांच्या शेताच्या तिन्ही बाजूंना प्लॉट पडले होते. चौथ्या बाजूला नाला. "इकायचं का म्हून इचारतात रोज कोणतरी," त्या म्हणाल्या आणि पुढची पेंढी उचलली. विकणार की नाही ते काही त्यांनी सांगितलं नाही.

या पाण्याच्या गोष्टीला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी दर उन्हाळ्यात इथल्या कित्येक आदिवासी वाड्यांना टँकरने पाणी द्यावं लागतं. तराफा ओढणाऱ्या मुलाच्या वाडीवरची विहीर एप्रिलमध्ये तळाला जाते. त्याची आई पहाटे हंडा घेऊन खाली उतरते. तो दिवसभर पाण्यावर उभा राहून पाहुण्यांना पलीकडे नेतो. मी त्याला याबद्दल काही विचारलं नव्हतं. "काकू, तुमच्याकडं पाणी किती वेळ येतं?" असं त्यानेच मला विचारलं, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून येतं म्हटल्यावर त्याला ते खूप वाटलं. खाली, नदीकाठच्या गावांना पाणी आहे. वर, जिथून ते उतरतं त्या डोंगरांच्या सोंडांवर नाही. रिसॉर्टने पाणी चोरलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे परवानगी आहे, त्यांनी मला कागद दाखवायची तयारीही दाखवली. मला एवढंच म्हणायचंय की त्या बेटाच्या माहितीपत्रकात पक्ष्यांच्या जाती छापल्यात, तेलांचे प्रकार छापलेत, आणि ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे त्या पाण्याबद्दल अवाक्षर नाही. पाहुण्याला वाटतं, तळं आहे म्हणजे तळं आहे.

भिवपुरीच्या विजेचे मनोरे आजही या खोऱ्यातून जातात. त्यांच्याखालून जाताना मला भाई कोतवाल आठवले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानचे, न्हावी समाजात जन्मलेले, वकील झालेले. सावकारीतून कुळं सुटावीत म्हणून त्यांनी गावोगाव धान्यकोठ्या काढल्या. 1942 साली भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायचं काम हाती घेतलं. करवती घेऊन रात्रीच्या रात्री डोंगरातून चालायचं, मनोऱ्याचे पाय कापायचे आणि पहाटेपूर्वी पसार व्हायचं. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे कशावर चालतात हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. कर्जत-नेरळ-मुरबाड पट्ट्यात आजही त्या दिवशी लोक सिद्धगडावर जमतात. रिसॉर्टच्या 'आसपास काय बघाल' या यादीत झिपलाइन होती, बंद काचेच्या गाडीतून डोंगरसफर होती. सिद्धगड नव्हता.

कोंडाण्याची लेणी मात्र त्या यादीत होती, तीही 'सोपा ट्रेक' म्हणून. पहाटे निघालो. कोंदिवडे गावापर्यंत दोन्हीकडे फार्महाउस आणि मग एकदम जंगल. उजवीकडे उल्हासची दरी. ही नदी राजमाचीच्या बाजूने उतरते आणि इथे ती अजून अगदी अल्लड, दगडांतून वाट काढणारी. पेजेसारखं टाटाचं पाणी तिला इथे मिळालेलं नसतं, त्यामुळे मेमध्ये डोहांपुरतीच उरलेली. तासाभराची चाल. माझे गुडघे मधेच बोलू लागले, पण झाडी दाट असल्याने ऊन लागलं नाही. करवंदाच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. खात खात गेलो.

कोंडाण्याला एकूण 16 लेणी आहेत. काळ इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा, हीनयान बौद्धांचा. चैत्यगृहाची कमान समोर आली की माणूस थबकतो. लाकडी बांधकामाची सगळी रीत इथे दगडात उतरवलीय. वासे, तुळया, जाळ्या, सज्जे. कोरणाऱ्याचे हात सुतारकामात मुरलेले होते आणि दगडातही त्यांनी सवय सोडली नाही. आतले खांब खालून झिजून तुटलेत, काहींचे फक्त वरचे तुकडे छताला लटकलेले. पावसाळ्यात या सगळ्यावरून धबधबा पडतो, त्यामुळे दगडाची ही अवस्था झाली असावी.

चैत्याच्या डाव्या बाजूला एका मूर्तीचा भग्न अवशेष आहे. चेहरा गेलेला, डोईचा पेहराव तेवढा राहिलेला. तिच्याजवळ ब्राह्मी लिपीतली छोटी ओळ कोरलीय. कण्हाचा शिष्य बालक याने हे केलं, इतकाच तिचा आशय. दान देणाऱ्याचं नाव लेण्यांत जागोजागी मिळतं. अमुक व्यापाऱ्याने खांब दिला, तमुक भिक्षुणीने टाकं दिलं. करणाऱ्याचं नाव क्वचित. इथे ते आहे, त्याच्या गुरूसकट. मी त्या ओळीपुढे बराच वेळ बसले. नवरा मात्र पाण्याची टाकी शोधत हिंडत होता. त्याला ती सापडली आणि तो तिथूनच ओरडला, "यांनी साठवलंय बघ!" खरंच होतं ते. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहायचं, बाकीचं वर्ष फिरायचं. वर्षावासासाठी खोदलेली ही राहायची सोय. कल्याण बंदरातून बोरघाटाने वर जाणारा व्यापारी रस्ता जवळून जायचा, त्याच्या दानावर हे उभं राहिलं. जंगलातला एकांत आणि त्याचा खर्च उचलणारे शहरातले पैसेवाले, ही या खोऱ्याची जुनीच पद्धत आहे म्हणायची. फरक इतका, की इथल्या रहिवाशांनी डोक्यावर पडणारं पाणी आधी दगडात साठवलं आणि मग मुक्काम ठोकला.

परतीला खालापूरकडून गेलो. तिथल्या सगळ्याच गोष्टी लिहीत बसले तर लेख लांबेल. महडला वरदविनायकाचं दर्शन घेतलं. मूर्ती तळ्यात सापडली म्हणतात आणि देऊळ 1725 साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. गर्भगृहात स्वतः जाऊन पूजा करता येते, हे मला अष्टविनायकांत नेहमीच आवडत आलंय. खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आहे. घाट चढणाऱ्या बैलांना आणि माणसांना पाणी हवं, एवढा साधा विचार त्यामागे. त्याच तलावाच्या गावात पुढे टाटांचं पाणी उतरलं आणि पाताळगंगा बारमाही झाली.

चौककडून येताना इरशाळगडाचा सुळका दिसतो. त्याला नेढं आहे, लांबूनही आरपार दिसणारं. त्याच्या अंगाखांद्यावर ठाकरांची इरशाळवाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर कोसळला. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण ढिगाऱ्याखालीच राहिले. वाडीच्या खाली मोरबे धरणाचा जलाशय चकाकतो. ते पाणी नवी मुंबईला जातं. गाडी थांबवून फोटो काढणारी एक टोळी तिथे होती. आम्ही थांबलो नाही.

उंबरखिंडीत मात्र थांबलो. खोपोली-पाली रस्त्यावरून आत वळलं की चावणी गाव लागतं आणि गावापुढे अंबा नदीच्या पात्रालगत स्मारक. फेब्रुवारी 1661. पुण्यात तळ ठोकलेल्या शाइस्ताखानाने कारतलबखानाला कोकण जिंकायला धाडलं. बरोबर मोगलांची सरदारीण माहूरकर रायबागन. फौज कुरवंड्याच्या घाटाने उतरली आणि या खिंडीत शिरली. पुढे वाट बंद, मागे वाट बंद, दोन्ही कड्यांवर मावळे. शिवभारतात या लढाईचं सविस्तर वर्णन आहे. तहानेने कासावीस झालेल्या खानाला रायबागननेच शरण जायचा सल्ला दिला, आणि शिवाजी महाराजांनी खंडणी घेऊन, सामान ठेवून घेऊन त्याला सोडून दिलं. मोठी कत्तल न करता मिळवलेला हा विजय माझ्या मते प्रतापगडापेक्षा शिकण्यासारखा आहे, पण शाळेत तो चार ओळींत आटपतात. मेच्या दुपारी त्या पात्रात दहा मिनिटं उभं राहिलं की खानाचा निर्णय कसा झाला ते आपोआप कळतं. वारा अडलेला, दगड तापलेले, नदीत पाण्याचा थेंब नाही. नवऱ्याने बाटली पुढे केली आणि त्यातलं कोमट पाणी आम्ही दोघांनी एका दमात संपवलं.

संध्याकाळी बेटावर परतल्यावर मी पहिल्यांदा त्या तळ्याकाठी मनापासून बसले. पाय पाण्यात सोडून. पलीकडे पेजेकडून आवाज येत होता, दुपारी नव्हता असा. तराफेवाला म्हणाला, "पाणी सोडलं वरनं." आता मुंबईत दिवे लागायची वेळ, पंखे, एसी, लोकल, सगळ्यांना एकदम वीज हवी. जलविद्युतचा मोठा गुण हाच, की मागणी चढली की मिनिटांत चक्रं फिरवता येतात. नवरा घड्याळ बघत खूश झाला. मुंबई घरी येऊन दिवा लावते आणि कर्जतची नदी वाढते, हे त्याला कोणत्याही चिखलस्नानापेक्षा जास्त भावलं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. आमचा निकाल असा, की मुक्काम एकच रात्र करा आणि उरलेले पैसे गाडी आणि वाटाड्यावर खर्च करा. शनिवार-रविवार टाळा, भाडं आणि गर्दी दोन्ही उतरतात. कोंडाण्याला सकाळी लवकर निघा, गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याला नीट मोबदला द्या. स्वयंपाकघरात स्थानिक जेवण मागा, मागितलं की मिळतं. आणि एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते. दुपारी गुडघाभर पाणी बघून पेजेत किंवा उल्हासमध्ये उतरू नका, पोरांना तर मुळीच उतरवू नका. वीजघरातून पाणी सुटलं की पात्र बघता बघता भरतं, त्याचा भोंगा काठावरच्या प्रत्येकाला ऐकू येतोच असं नाही, आणि आभाळात ढग नसल्याने बाहेरच्या माणसाला संशयही येत नाही. गावातली पोरं कधी बाहेर पडायचं ते जाणतात. या नद्यांत जवळपास दर हंगामात सहलीला आलेले लोक बुडतात.